शिवथरघळीतले समर्थ : एक चरित्र आणि त्याभोवतीच्या दंतकथा



आपल्या शिवरे गावातून महामार्गाला लागायचं, कापूरहोळला वळून भोर गाठायचं आणि पुढे निरा देवघर धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला ठेवत वरंध घाट उतरायचा. घाटाखाली महाड तालुक्यात डोंगराच्या कुशीत शिवथरघळ आहे. दर वर्षी आपल्या भागातून कितीतरी शाळांच्या सहली तिकडे जातात. मुलं धबधबा बघतात, घळीत जाऊन सांगणारे समर्थ आणि लिहून घेणारे कल्याणस्वामी यांच्या मूर्ती बघतात, डबे खातात आणि परत येतात.

अशाच एका सहलीनंतर पाचवीतल्या एका मुलाने मला विचारलं, दगड फोडल्यावर आतून जिवंत बेडकी निघाली ती गोष्ट खरी का? मी घाईत होतो. ती नुसती गोष्ट आहे, खरं काही नाही, असं म्हणून मोकळा झालो. पोरगं हिरमुसलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालं, आजी म्हणते गोष्ट खरी आहे, तुमच्या सरांनाच माहीत नाही. वर्गात हशा पिकला, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. कारण त्या मुलापुढे मी नकळत आजी खरी की सर खरे असा पेच टाकला होता. आणि असा पेच पडला की एकतर मूल आजीवरचा विश्वास गमावतं, नाहीतर शाळेवरचा.

त्यानंतर मी समर्थ रामदासांचं चरित्र शिकवायची पद्धत बदलली. खाली ते चरित्र तसंच मांडलं आहे, म्हणजे नोंद कुठली, परंपरा कुठली आणि दंतकथा कुठली हे जागोजागी सांगत.

तीन प्रकारची माहिती

जुन्या काळच्या मोठ्या माणसाबद्दल आपल्याला जे माहीत असतं ते तीन प्रकारचं असतं. पहिला प्रकार नोंदीचा. त्या काळातलं पत्र, सनद, त्या माणसाने स्वतः लिहिलेला मजकूर किंवा त्याला पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं. दुसरा प्रकार परंपरेचा. म्हणजे त्याच्या शिष्यांनी, मठांनी, घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली तिथी, ठिकाणं आणि नावं. यात बरंचसं खरं असतं, पण प्रत्येक गोष्टीला कागद दाखवता येत नाही. तिसरा प्रकार दंतकथेचा. ती तोंडातोंडी फिरते, गाव बदलते, पात्रं बदलते.

समर्थांच्या बाबतीत हे तिन्ही भरपूर आहेत. गिरिधरस्वामींनी समर्थांना लहानपणी प्रत्यक्ष पाहिलं होतं, त्यांनी समर्थप्रताप लिहिला. हनुमंतस्वामींची बखर मात्र समर्थांच्या नंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली आणि चमत्कारांच्या पुष्कळशा गोष्टी आपल्यापर्यंत तिच्यातून आल्या. म्हणजे दोन्ही जुनीच पुस्तकं, पण दोघांची पारख सारखी नाही. मुलांना एवढं जरी कळलं तरी निम्मं काम झालं.

बालपण आणि लग्नमंडप

समर्थांचं मूळ नाव नारायण. आडनाव ठोसर. जन्म शके १५३० म्हणजे सन १६०८ मध्ये, चैत्र शुद्ध नवमीला, रामनवमीच्या दिवशी झाला असं परंपरा सांगते. गाव जांब, आजच्या जालना जिल्ह्यातलं. आता त्या गावाला जांब समर्थ म्हणतात. वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई आणि थोरला भाऊ गंगाधर. या भावाला पुढे श्रेष्ठ म्हणू लागले. तेही रामभक्त आणि लेखक होते.

नारायण लहान असतानाच वडील गेले. मुलगा फार खोडकर, झाडावर चढणारा, नदीत डुंबणारा आणि मधूनच एकटा बसून राहणारा होता असं सांगतात. आईने बारा वर्षांचा असताना त्याचं लग्न ठरवलं. पुढची गोष्ट महाराष्ट्रात प्रत्येक घरात माहीत आहे. भटजींनी सावधान म्हटलं आणि नवरदेव खरोखरच सावध होऊन मंडपातून पळाला.

ही गोष्ट सांगताना मुलं हसतात, हसू द्यावं. पण मग थोडं थांबून विचारावं, त्या घरात मागे काय झालं असेल? वडील नाहीत, थोरल्याचा संसार आणि धाकटा लग्नातून नाहीसा झालेला. आईने त्यानंतर चोवीस वर्षं मुलाचं तोंड पाहिलं नाही. चरित्रातला हा भाग आपण घाईने ओलांडतो. तिथे जरा थांबलं की समर्थ देवळातल्या मूर्तीसारखे न वाटता हाडामांसाचे वाटू लागतात.

टाकळी आणि भ्रमंती

पळालेला मुलगा नाशिकला पोहोचला. पंचवटीजवळ नंदिनी आणि गोदावरीच्या संगमाशी टाकळी नावाचं गाव आहे. तिथे बारा वर्षं त्याने तप केलं. पहाटे नदीत उभं राहून जप, मग सूर्यनमस्कार, माधुकरी, दुपारी ग्रंथवाचन आणि ग्रंथांच्या नकला करणं असा दिनक्रम परंपरेत सांगितला जातो. रोजचे बाराशे सूर्यनमस्कार हा आकडाही तिथलाच. आकडा खरा किती हे कुणी मोजलेलं नाही, पण शरीर कमावल्याशिवाय मन कमावता येत नाही हा विचार त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो, एवढं नक्की.

टाकळी सोडली तेव्हा वय चोविसाच्या आसपास. पुढची बारा वर्षं, साधारण १६३२ ते १६४४, त्यांनी देश पायी पालथा घातला. हा काळ कसा होता ते मुलांना जरूर सांगावं. १६३० पासून दख्खनमध्ये आणि गुजरातमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. त्याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणं जाळून उजाड केलं होतं. गावं ओस, शेतं पडीक आणि माणसं परागंदा. आपल्या भोर-वेल्ह्याच्या मावळातही याहून वेगळं चित्र नसावं. हे सगळं एक पंचविशीतला संन्यासी डोळ्यांनी बघत चालला होता. पुढे त्यांच्या लेखनात देवाइतकीच लोकांच्या हालाची, राज्य बुडाल्याची आणि पोटाची चिंता दिसते, तिचं मूळ इथं आहे.

भ्रमंती संपवून ते जांबला आईला भेटायला गेले. रडून रडून आईची दृष्टी गेली होती आणि समर्थांनी डोळ्यांवरून हात फिरवताच ती परत आली, अशी दंतकथा आहे. मी मुलांना सांगतो, चमत्कार बाजूला ठेवू. चोवीस वर्षांनी मुलाचा आवाज ऐकल्यावर त्या माउलीला काय दिसलं असेल, ते लिहा. मुलं फार सुंदर लिहितात.

कृष्णाकाठ, चाफळ आणि अकरा मारुती

१६४४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, समर्थ कृष्णेच्या खोऱ्यात आले आणि उरलेलं सगळं आयुष्य सह्याद्रीच्या याच पट्ट्यात काढलं. मसूरला त्यांनी रामनवमीचा उत्सव सुरू केला. मग चाफळला, आजच्या सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात, १६४८ मध्ये राममंदिर उभं केलं. रामाची मूर्ती अंगापूरच्या डोहात सापडली अशी परंपरा आहे. हे जुनं मंदिर १९६७ च्या कोयना भूकंपात खिळखिळं झालं आणि नंतर नव्याने बांधलं गेलं. म्हणजे आज सहलीत मुलं बघतात ते देऊळ समर्थांच्या काळचं नाही, जागा मात्र तीच. हा फरकही सांगितला पाहिजे.

याच काळात, साधारण दहा वर्षांत, समर्थांनी अकरा मारुती बसवले. सात सातारा जिल्ह्यात : शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळमध्ये दोन. सांगली जिल्ह्यात बहे-बोरगाव आणि शिराळा. कोल्हापूर जिल्ह्यात मनपाडळे आणि पारगाव. नकाशावर खुणा करून दाखवा. सगळे एका-दोन दिवसांच्या चालीवर आहेत.

यातले काही मारुती घडीव दगडाचे नाहीत. उंब्रजचा मारुती चुना, वाळू आणि ताग यांचा केलेला म्हणतात. माजगावच्या वेशीवर लोक आधीपासून एक दगड पूजत होते, त्यावरच मारुती कोरला असं तिथले लोक सांगतात. या गोष्टींत मला समर्थांची खरी हुशारी दिसते. खर्च थोडा, साहित्य गावात मिळेल ते आणि गावाच्या जुन्या श्रद्धेला धक्का न लावता तिच्यावरच नवं काम उभं करायचं. मारुतीचं देऊळ झालं की शेजारी तालीम आली. तालमीत पोरं जमू लागली. दुष्काळाने आणि लुटालुटीने खचलेल्या गावात पोरांनी दंड-बैठका मारायला लागणं ही साधी गोष्ट नव्हती.

घळ आणि ग्रंथ

आता आपल्या शेजारच्या शिवथरघळीकडे येऊ. घळ म्हणजे डोंगरातली नैसर्गिक कपार. ही घळ धबधब्याच्या बाजूला आहे. पावसाळ्यात पाण्याचा आवाज इतका की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. परंपरेत या जागेला सुंदरमठ असंही नाव आहे. समर्थांनी इथे बसून दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असं मानलं जातं.

ही जागा पुढे विस्मरणात गेली होती. झाडीत हरवलेली ती घळ १९३० मध्ये पुन्हा शोधून काढली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी. देवांनी जन्मभर रामदासी मठांमधून जुन्या वह्या, म्हणजे बाडं, गोळा केली. त्या बाडांतल्या उल्लेखांचा माग काढत ते या खोऱ्यात आले. त्यांनी जमवलेली बाडं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आजही जपून ठेवलेली आहेत. समर्थांची मूळ घळ हीच की जवळपासची दुसरी, यावर अभ्यासकांत वेगळं मतही आहे. मुलांना हे सांगायला घाबरू नये. शोध असाच चालतो.

ग्रंथ कधी लिहिला? परंपरा १६५४ साल सांगते. पण इथे वर्गात करता येण्यासारखी एक मजेची गोष्ट आहे. दासबोधाच्या सहाव्या दशकातल्या चौथ्या समासात समर्थांनी कलियुगाची ४७६० वर्षं झाली असा उल्लेख केला आहे. कलियुगाच्या वर्षातून ३१७९ वजा केले की शक मिळतो. ४७६० वजा ३१७९ म्हणजे शके १५८१. त्यात ७८ मिळवले की सन १६५९. म्हणजे ग्रंथाचा हा भाग १६५९ च्या सुमारास लिहिला जात होता, हे ग्रंथच सांगतो. मग १६५४ चुकीचं का? तसंही नाही. दोनशे समास आणि पावणेआठ हजारांच्या आसपास ओव्या एका बैठकीत होत नाहीत. एखादा भाग आधी, एखादा नंतर झाला असणार. सातवीची मुलं हे गणित पाच मिनिटांत करतात आणि तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं साल आपण काढलं म्हणून त्यांचे चेहरे खुलतात. परंपरेचा अपमान न करता पुरावा तपासायचा कसा, हे त्यांना त्या पाच मिनिटांत कळतं.

शिक्षकांसाठी दासबोधात आणखी एक खजिना आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यावर आहे. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं. ओळींमधलं अंतर सारखं राहावं. एका ओळीची मात्रा वरच्या ओळीत घुसू नये. सुरुवातीला जसं अक्षर तसंच शेवटपर्यंत असावं. चारी बाजूंनी जागा सोडावी. तरुणपणी डोळे चांगले म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येणार नाही. शाई, लेखण्या, सुरी आणि कागद सगळं नीट जमवून ठेवावं. छापखाना नसलेल्या काळात विचार पसरवायचा एकच मार्ग होता, हाताने नक्कल करणं. नकलेत एक अक्षर चुकलं की अर्थ बुडाला. म्हणून देवाधर्माच्या ग्रंथात सुलेखनाचा धडा आला. सुंदर अक्षराची स्पर्धा घेताना या समासाची गोष्ट जरूर सांगा.

शिष्य आणि मठ

माझ्या मते समर्थांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे मठांचं जाळं. गावोगावी मठ, प्रत्येक मठावर जबाबदार माणूस, त्याला वाचता-लिहिता-बोलता येणं सक्तीचं, भिक्षेच्या निमित्ताने घरोघरी जाऊन लोकांची स्थिती समजून घेणं आणि ग्रंथांच्या नकला करून पुढच्या मठाला देणं. हे जाळं तमिळ मुलखात तंजावरपर्यंत पोहोचलं. तिथे भीमस्वामींचा मठ होता.

कल्याणस्वामी हे त्यातले सगळ्यांना माहीत असलेले शिष्य. त्यांचं आधीचं नाव अंबाजी. विहिरीवर झुकलेली फांदी तोडायला गुरूने सांगितलं, अंबाजी फांदीच्या टोकाकडे बसला आणि बुंध्याकडून तोडू लागला, फांदीसकट विहिरीत पडला, तरी सुखरूप निघाला, म्हणून कल्याण नाव पडलं, ही मसूरची दंतकथा. सज्जनगडावर गुरूची छाटी वाऱ्याने उडाली आणि ती धरायला कल्याणने कड्यावरून उडी घेतली, ही दुसरी. गडावर ती जागाही दाखवतात. या दोन गोष्टी सांगताना एक काळजी घ्यावी. मोठ्यांनी सांगितलं म्हणून उडी मारायची नसते, हे आजच्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. कल्याणची निष्ठा दाखवायची तर त्याने हजारो ओव्या न चुकता लिहून घेतल्या आणि पुढे आजच्या धाराशिव जिल्ह्यात डोमगावला मठ चालवला, हे जास्त चांगलं उदाहरण आहे.

वेणाबाई आणि अक्काबाई यांच्याबद्दल आपण वर्गात फार कमी बोलतो. वेणाबाई बालविधवा. त्या काळात विधवेने घराबाहेर पडणंसुद्धा अवघड होतं. समर्थांनी तिला दीक्षा दिली, कीर्तन करायला उभं केलं आणि मिरजेच्या मठाची प्रमुख केलं. तिने सीतास्वयंवर हे काव्य लिहिलं. लोकांनी नावं ठेवली, घरच्यांनी तिला विष दिलं आणि समर्थांनी वाचवलं, अशी दंतकथा आहे. विषाची गोष्ट खरी असो वा नसो, एका तरुण विधवेला केवढा विरोध सोसावा लागला असेल हे ती गोष्ट बरोबर सांगते. अक्काबाईंनी चाफळ आणि सज्जनगडचा कारभार पाहिला. समर्थांच्या नंतर १७०० मध्ये मोगलांनी सज्जनगड घेतला तेव्हा रामाच्या मूर्ती वासोट्याला सुरक्षित हलवण्यात त्यांचा हात होता असं सांगतात. तीनशे वर्षांपूर्वी बायका मठ चालवत होत्या हे ऐकून मुली ताठ बसतात, हा माझा अनुभव आहे.

शिवराय आणि समर्थ

हा विषय आला की मोठ्यांच्या बैठकीत आवाज चढतात, म्हणून वर्गात तो शांतपणे मांडावा. शिवराय आणि समर्थ यांचा संबंध होता का? होता. १६७३ मध्ये परळीचा किल्ला स्वराज्यात आला, त्याचंच पुढे सज्जनगड नाव पडलं आणि १६७६ पासून समर्थ तिथे राहिले. चाफळच्या देवस्थानाच्या व्यवस्थेसंबंधी शिवकालीन पत्रं आहेत आणि १६७८ ची सनद प्रसिद्ध आहे. वाद आहे तो पहिली भेट कधी झाली यावर. परंपरा १६४९ सालची शिंगणवाडीची भेट सांगते. काही अभ्यासक कागदपत्रांच्या आधारे ती १६७२ च्या सुमारास धरतात. सनदीबद्दलही शंका घेणारे आणि तिला अस्सल मानणारे असे दोन्ही अभ्यासक आहेत.

मुलांना एवढंच सांगावं : दोघेही थोर होते, एकाने राज्य उभं केलं, दुसऱ्याने माणसं उभी केली. भेट नेमकी कधी झाली यावर विद्वान अजून कागद तपासत आहेत. एकाला मोठं करण्यासाठी दुसऱ्याला लहान करायची काही गरज नाही.

आता ती बेडकी. किल्ला बांधताना हजारो माणसं कामावर होती. आपण या सगळ्यांचे पोशिंदे आहोत असा विचार महाराजांच्या मनाला शिवला. समर्थांनी एक दगड फोडायला सांगितला, आतून पाणी आणि जिवंत बेडकी निघाली. बेडकीला कोण पोसतं, हा प्रश्न न विचारताच समजला. ही गोष्ट कुणी सामानगडाची सांगतं, कुणी दुसऱ्या गडाची. गाव बदलणं हीच दंतकथेची खूण. पण गोष्टीतला मुद्दा बघा. सत्तेवर बसलेल्या माणसाने मी देतो म्हणून लोक जगतात असं समजू नये, ही शिकवण गडागडावर लोकांना सांगावीशी वाटली. आपला राजा अहंकारी नसावा आणि त्याला कान धरून सांगणारं कुणीतरी असावं, ही सामान्य माणसाची इच्छा त्या बेडकीच्या रूपाने दगडातून बाहेर आली.

शेवटची वर्षं

सज्जनगडावर समर्थांची अखेरची सहा वर्षं गेली. १६८० मध्ये शिवराय गेले. त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे जानेवारी १६८२ मध्ये, समर्थांनी देह ठेवला. तीच आपली दासनवमी. शके १६०३ म्हटलं की ७८ मिळवून काहीजण १६८१ लिहितात, पण माघ महिना येईपर्यंत इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून १६८२. हेही गणिताच्या तासाला चालेल. गडावर खाली समाधी आणि वर राममंदिर आहे. संभाजी महाराजांच्या काळात ते बांधलं गेलं असं सांगतात.

जगात सगळीकडे असंच

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. आयर्लंड देशात ग्लेंडालॉक नावाची दरी आहे, नावाचा अर्थ दोन तळ्यांची दरी. सहाव्या शतकात तिथे केविन नावाच्या साधूने मठ स्थापन केला. आज तिथे पडक्या भिंती आणि सुमारे तीस मीटर उंच गोल मनोरा उभा आहे. तळ्यावरच्या कड्यात एक कपार आहे, तिला केविनचा बिछाना म्हणतात. तिथली दंतकथा अशी, की केविन हात पसरून प्रार्थना करत असताना एका पाखराने त्याच्या तळहातावर घरटं केलं. अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत त्याने हात हलवला नाही. आपल्या घळीशी आणि छाटीच्या गोष्टीशी किती जुळतं बघा! समुद्रापलीकडची माणसंसुद्धा पडक्या मठाकडे बघून हेच करतात. माणूस गेला, भिंती पडल्या, मग त्याचा जो गुण लोकांना सगळ्यात जास्त आवडला त्याची गोष्ट होते. केविनचा दयाळूपणा पाखराच्या रूपाने उरला, कल्याणची निष्ठा छाटीच्या रूपाने.

वर्गात आणि घरी काय करता येईल

सहलीला जाण्याआधी मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : नोंद, परंपरा आणि दंतकथा. घळीत, गडावर, घरी आजी-आजोबांकडून जे ऐकाल ते योग्य रकान्यात लिहा. कुठे टाकायचं कळलं नाही तर प्रश्नचिन्ह करा. परत आल्यावर वर्गात चर्चा घ्या. प्रश्नचिन्हांवरची चर्चा सगळ्यात रंगते.

पालकांनी घरी एक करावं. मुलगा-मुलगी गोष्ट विचारायला आली की सांगावी, पूर्ण रंगवून सांगावी. फक्त शेवटी, ही गोष्ट मला कुणी सांगितली, तेही सांगावं. आजीने सांगितली, कीर्तनात ऐकली की पुस्तकात वाचली. एवढ्याने मुलांना माहितीचा उगम विचारायची सवय लागते. मोबाइलवर रोज काय काय येऊन पडतं ते पाहता या सवयीची गरज आज फार आहे.

एक सूचना सहलीची. वरंध घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि रस्ता बऱ्याचदा बंद असतो. धबधब्याचा मोह कितीही झाला तरी मुलांना घेऊन हिवाळ्यातच जावं.

त्या पाचवीतल्या मुलाला मी नंतर पुन्हा बोलावलं. सांगितलं, माझं चुकलं. बेडकी खरोखर निघाली का ते मला सांगता येत नाही, पण तुझी आजी सांगते ती गोष्ट मोलाची आहे, तिच्याकडून पूर्ण लिहून आण. त्याने दीड पान लिहून आणलं. अक्षर मोठं, मोकळं आणि ओळी सरळ होत्या. खाली आजीचं नाव आणि गाव लिहिलं होतं. तिसऱ्या रकान्यातली त्याची ती पहिली नोंद.